आठ तासांची किंमत

"पोरगं रेल्वेत लागलं की आयुष्याची चिंता मिटली." दापोडीपासून तळेगावपर्यंत रुळांच्या कडेला असलेल्या कुठल्याही मोहल्ल्यात हे वाक्य कानावर पडतं. अम्मी-अब्बा ते मनापासून बोलतात, आणि त्याला कारणही आहे. ठरलेला पगार, राहायला क्वार्टर, फिरायला पास, आजारपणात रेल्वेचा दवाखाना, म्हातारपणी पेन्शन. हंगामी कामावर घर चालवणाऱ्या माणसाला याहून मोठी दौलत कोणती?

या सोयी आल्या कुठून, हे मात्र त्या गप्पांत कोणी सांगत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, सरकारनं दिल्या म्हणून मिळाल्या. आमचं म्हणणं असं की रेल्वे कामगाराला मिळालेली जवळजवळ प्रत्येक सोय आधी कुणीतरी मागितली, त्यासाठी पगार, नोकरी किंवा तुरुंग पत्करला, आणि मग ती नियमात उतरली. पिंपरी-चिंचवड आणि चाकणमध्ये बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या आपल्या तरुणांनी हा इतिहास माहीत करून घ्यायला हवा. कारण तोच हिशेब आता त्यांच्यासमोर आहे.

सुरुवात आपल्या दारातूनच करू. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली. पुण्याकडचा खंडाळ्यापर्यंतचा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. मधे उरला बोरघाट. १८५६ ते १८६३ अशी सात वर्षं तिथं डोंगर फोडण्याचं काम चाललं. १८६१ च्या सुमारास घाटात एका वेळी बेचाळीस हजारांहून जास्त मजूर राबत होते. सुरुंगाचे स्फोट, कड्यावरून कोसळणं, पटकी, ताप यांत हजारो माणसं गेली. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये इथं आला आणि थोड्याच दिवसांत आजारानं गेला. त्याची पत्नी ॲलिस हिनं कंत्राट पुढं चालवलं. या दोघांची नावं इतिहासात आहेत. दगड फोडून गेलेल्या हजारोंची नावं कुठल्याही दगडावर नाहीत.

ते मजूर गप्प बसले होते असं नाही. १८५९ च्या सुरुवातीला थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा झाला. कंत्राटदार आणि मुकादम यांच्यामध्ये पैसा अडायचा आणि मजूर उपाशी राहायचा. पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, मालक आणि कामगार यांच्या तंट्यांबद्दलचा कायदा झाला. मजुरीचा वाद दंडाधिकाऱ्यानं लवकर निकाली काढावा अशी त्यात सोय होती. त्याच कायद्यात काम अर्धवट सोडणाऱ्या मजुराला तुरुंगात टाकण्याचीही सोय होती. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं घेतलं. कामगार कायद्यांची ही खोड तेव्हापासूनची आहे. म्हणूनच कायदा झाला एवढ्यावर समाधान न मानता तो नीट वाचावा लागतो.

गाड्या सुरू झाल्यावर रेल्वेत एक सबंध दुनिया उभी राहिली: इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन, ड्रायव्हर, गार्ड, सांधे बदलणारा पॉइंट्समन, फाटकावरचा गेटमन, रुळांवरची गँग, वर्कशॉपमधले फिटर, तारेवरचे सिग्नलर. गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हरला एक पगार, त्याच कामाला हिंदी माणसाला दुसरा. १८९९ मध्ये जीआयपी रेल्वेच्या सिग्नलरांनी पगार आणि कामाच्या तासांसाठी संप केला, तेव्हा टिळकांच्या 'केसरी'नं आणि 'मराठा'नं त्यांची बाजू उचलून धरली. भुसावळ, मनमाड, दौंड, सोलापूर, कुर्डुवाडी, मिरज ही गावं रेल्वेवरच वाढली. रेल्वे कॉलनीत वेगवेगळ्या जातीधर्मांची माणसं एकाच भोंग्यावर उठायला लागली.

पण त्या भोंग्याखाली सगळे सारखे नव्हते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षपदावरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथं जे मांडलं, ते आजही अस्वस्थ करतं. दलित कामगार गँगमन म्हणूनच राहतात, त्यांना साधं पोर्टरचं कामही मिळत नाही, कारण स्टेशन मास्तर पोर्टरला घरकामाला लावतो आणि अस्पृश्याचा हात त्याला घरात चालत नाही. कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असं त्यांनी त्या सभेत सांगितलं. कामगार एकच आहे असं म्हणायचं आणि वरच्या जागा मात्र ठरावीक लोकांसाठी ठेवायच्या, हा ढोंगीपणा त्यांनी उघडा पाडला. रुळांवरची विष्ठा हातानं साफ करण्याचं काम तर त्यानंतरही कित्येक दशकं त्याच वस्त्यांतल्या माणसांच्या वाट्याला आलं. डब्यांत बायो-टॉयलेट बसायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

आता कामाच्या तासांकडे येऊ. रेल्वेत तास ठरवणं ही सोपी गोष्ट नाही, गाडी घड्याळाच्या भोंग्यावर थांबत नाही. १९३० च्या सुमारास आंतरराष्ट्रीय कराराच्या दबावानं रेल्वे कामगारांच्या तासांचे पहिले नियम आले. पुढं या नियमांत कामाचे तीन प्रकार झाले: जीव ओतून करायचं काम, सततचं काम आणि अधूनमधून उसंत असलेलं काम. या तिसऱ्या प्रकारात खरी मेख आहे. एखाद्या छोट्या फाटकावर दिवसात चार-सहा गाड्या जातात, मग गेटमनला मधल्या वेळात आरामच असतो, असा हा हिशेब. म्हणून त्याच्याकडून बारा तासांची ड्युटी घ्यायची. १९८९ च्या रेल्वे कायद्यातही सततच्या कामाला आठवड्याला सरासरी ५४ तासांची कमाल मर्यादा आहे आणि अधूनमधूनच्या कामाला ७५ तासांची.

गेटमनला त्या 'आरामात' झोपता येतं का? घरी जाता येतं का? फाटक सोडून नमाजला किंवा मुलाच्या शाळेत जाता येतं का? वाट पाहणं हेही कामच असतं. ज्याचा वेळ दुसऱ्याच्या ताब्यात आहे, तो रिकामा बसलेला दिसला तरी मोकळा नसतो. हा मुद्दा मान्य करून घ्यायला रेल्वे कामगारांना अर्धं शतक भांडावं लागलं. १९६९ मध्ये नेमलेल्या रेल्वे कामगार लवादाचे प्रमुख न्यायमूर्ती एन. एम. मियाभॉय होते. गुजरात उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायमूर्ती राहिलेले. त्यांच्या १९७२ च्या निवाड्यानं सततच्या कामासाठी आठवड्याला ४८ तासांचं प्रमाण धरलं. १९७३ मध्ये इंजिनावरच्या कामगारांनी संप करून दहा तासांच्या ड्युटीचं आश्वासन मिळवलं. तोवर चौदा-सोळा तास सलग इंजिनावर काढणं ही त्यांची रोजची गोष्ट होती.

मग आला मे १९७४. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली ८ मे रोजी देशभर संप सुरू झाला. सुमारे सतरा लाख कामगार त्यात उतरले. सगळ्यांना आठ तास, बोनस, सार्वजनिक उद्योगांतल्या कामगारांच्या बरोबरीचा पगार, या मागण्या होत्या. सरकारनं हजारोंना अटक केली, नोकरीवरून काढलं, संपकऱ्यांच्या बायकामुलांना क्वार्टरमधून बाहेर काढलं. वीस दिवसांनी, २७ मे रोजी, संप बिनशर्त मागे घेतला गेला. त्या दिवशीच्या हिशेबानं कामगार हरले. पण पुढं सरकार बदललं, काढलेले कामगार परत घेतले गेले, आणि १९७९-८० पासून रेल्वे कामगारांना उत्पादकतेवर आधारित बोनस मिळू लागला. आज दसऱ्याआधी बोनसची बातमी येते तेव्हा तिच्यामागं त्या वीस दिवसांचा उपास आहे.

या सगळ्यात आपण कुठं होतो? सगळीकडे होतो, फक्त वर नव्हतो. सच्चर समितीनं २००६ मध्ये आकडा मांडला: रेल्वेच्या सुमारे चौदा लाख कर्मचाऱ्यांत मुस्लिम ६४ हजार, म्हणजे ४.५ टक्के. त्यातले ९८.७ टक्के खालच्या श्रेणींत. अधिकारी फक्त १.३ टक्का. मनमाडला बाबासाहेबांनी जे दाखवलं, त्याचंच हे दुसरं रूप. यात भेदभावाचा वाटा आहे, शाळेतून लवकर गळण्याचा आहे, आणि 'आपल्याला कोण घेतंय' म्हणून अर्जच न भरण्याचाही आहे. या तिन्हींवर एकाच वेळी बोलावं लागेल. फक्त पहिल्यावर बोललो तर घरातला प्रश्न तसाच राहतो, आणि फक्त तिसऱ्यावर बोललो तर सरकारला मोकळं सोडल्यासारखं होतं.

कर्तबगारीची उदाहरणं आपल्याकडे आहेत. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ स्टेशनवर गुलाम दस्तगीर ड्युटीवर होते. विषारी वायू पसरत असताना वरून हुकूम येण्याची वाट न पाहता त्यांनी फलाटावरची प्रवासी गाडी वेळेआधी सोडली आणि शेकडोंचे जीव वाचवले. स्वतःच्या फुप्फुसांनी त्याची किंमत आयुष्यभर चुकवली. मुंबईच्या मुमताज काझी १९९१ पासून इंजिन चालवतात. वडील रेल्वेतच होते, तरी मुलीनं इंजिनावर जायला त्यांचा आधी विरोध होता. त्याच मुमताज काझींना २०१७ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी त्याआधीच, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, ती वाट पाडली होती. २०११ च्या महिला दिनी पुण्याहून 'डेक्कन क्वीन' घेऊन त्या बोरघाट उतरल्या. आणि वांगणीचा पॉइंट्समन मयूर शेळके. एप्रिल २०२१ मध्ये येणाऱ्या गाडीसमोर धावत जाऊन त्यानं एका अंध आईचं लेकरू उचललं, आणि बक्षिसातला वाटा त्याच माउलीला दिला.

ही नावं घरात सांगावीत, विशेषतः मुलींना. तरीही शूर माणसांच्या गोष्टींनी रोजचं काम सुरक्षित होत नाही. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं २०१२ मध्ये सांगितलं की २००७-०८ पासूनच्या जेमतेम पाच वर्षांत कामावर असताना सुमारे १६०० रेल्वे कर्मचाऱ्यांचा जीव गेला. यातली बहुतेक माणसं रुळांवर खाली वाकून काम करणारी. पावसाळ्याआधी बोरघाटात हिल गँगची माणसं कड्याला लटकून सैल दगड पाडतात. कीमन हातोडा, पाना आणि झेंड्या घेऊन रोज मैलोन् मैल रूळ तपासत चालतो. दुपारी लोणावळा लोकल नसली की आपण कपाळावर हात मारतो, पण देखभालीच्या त्या ब्लॉकमध्येच ही माणसं काम करू शकतात. आपल्या एक तासाच्या खोळंब्यावर त्यांचा जीव अवलंबून असतो.

आणि आता ती 'पक्की' नोकरीही आकसत चालली आहे. १९९० च्या सुमारास रेल्वेत साडेसोळा लाख माणसं होती, आज बारा लाखांच्या आसपास आहेत. गाड्या वाढल्या, माणसं घटली. डब्यांची साफसफाई, चादरी-ब्लँकेट, खानपान, स्टेशनची झाडलोट ही कामं कंत्राटदारांकडे गेली. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्या कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन नाही. एकाच फलाटावर, एकाच गाडीसाठी काम करणाऱ्या दोन माणसांपैकी एकाच्या खिशात रेल्वेचं ओळखपत्र असतं आणि दुसऱ्याच्या खिशात एजन्सीचं, तेही असलं तर. २०१९ च्या पहिल्या स्तराच्या भरतीत एक लाख तीन हजार जागांसाठी एक कोटी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. एका जागेमागे शंभराहून जास्त उमेदवार.

आपल्या पट्ट्यात याचा अर्थ काय होतो ते पाहा. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी, टेल्को, बजाज आले. तेव्हाच्या कारखान्यातला कामगार रेल्वेवाल्यासारखाच होता: हजेरीपटावर नाव, युनियनचं कार्ड, कँटीन, ग्रॅच्युइटी. मार्च १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली ती अशाच माणसांना पाळीवर पोचवत. पुढं चाकण उभं राहिलं. तिथं अजून रेल्वे पोचलेली नाही, पुणे-नाशिक मार्गाची चर्चा तेवढी वर्षानुवर्षं चालू आहे. या भागात तयार होणाऱ्या मोटारींपैकी काही चिंचवडच्या मालधक्क्यावरून, जुने प्रवासी डबे बदलून केलेल्या वाघिणींतून देशभर जातात. मोटार बनवणारा, ट्रेलरवर चढवणारा, वाघिणीत लावणारा, गाडी नेणारा, अशी ही साखळी. तिच्यातला शेवटचा माणूस तेवढा रेल्वेचा पक्का नोकर, आणि आधीचे बरेचसे सात-अकरा महिन्यांच्या बोलीवरचे. प्लँटच्या गेटबाहेर ट्रेलर घेऊन नंबर लागायची वाट पाहत पाच तास बसलेला ड्रायव्हर आणि पूर्वीचा फाटकावरचा गेटमन, दोघांनाही एकच उत्तर मिळतं: "तू तर बसूनच होतास ना?"

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती हवी, अशी अट त्यात आहे. कागदावर ही अट छान दिसते. ज्याची नोकरी दर सात महिन्यांनी नव्यानं सुरू होते, तो पोरगा सुपरवायझरसमोर 'नाही' म्हणून सही नाकारू शकतो का? संमतीला अर्थ येतो तो नकार देता येत असेल तेव्हाच, आणि नकार एकट्याला देता येत नाही. १८५९ पासून १९७४ पर्यंतचा सगळा इतिहास एवढंच सांगतो.

म्हणून तरुण वाचकांना काही गोष्टी सरळ सांगायच्या आहेत.

रेल्वेची परीक्षा जरूर द्या. ती मराठीतून देता येते, उर्दूतूनही देता येते. अल्पसंख्याक आणि महिला उमेदवारांना २५० रुपये फी आहे आणि परीक्षेला बसल्यावर ती परत मिळते. पहिल्या स्तरासाठी दहावी किंवा आयटीआय पुरते, असिस्टंट लोको पायलटसाठी दहावीबरोबर आयटीआय किंवा डिप्लोमा लागतो. महापालिकेची मोरवाडीची आयटीआय आणि कासारवाडीची मुलींची आयटीआय आपल्या दारात आहेत. रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी पहिल्या स्तराच्या वीस टक्के जागा राखीव असतात, हे आपल्या मुलांना क्वचितच कुणी सांगतं. पण शंभरातले नव्व्याण्णव जण त्या दारातून परत येणार, हेही लक्षात ठेवा. सगळं तारुण्य एका परीक्षेच्या निकालावर टांगून ठेवू नका.

परत आलेल्या नव्व्याण्णवांचं काय, हा आमच्या मते जास्त मोठा प्रश्न आहे. त्यांनी कुठंही काम केलं तरी पहिल्या दिवसापासून कागद मागावा: नियुक्तिपत्र, पगाराची स्लिप, पीएफचा नंबर, ईएसआयचं कार्ड. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार नियुक्तिपत्र प्रत्येकाला द्यावंच लागतं. जादा तासांना दुप्पट दर हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. आलो कधी, गेलो कधी, याची नोंद स्वतःच्या वहीत रोज ठेवा. वाद झाला तर तीच वही साक्ष देते. आणि युनियन म्हणजे कटकट, हा समज सोडा. आपल्या लाइनवरच्या कांबळे, यादव, शेख, पवार, बिहारहून आलेला कुमार या सगळ्यांचे तास एकच आहेत. आपला मोहल्ला वेगळा असेल, पण पाळी वेगळी नाही.

संघटनांना आणि जमातींनाही एक विनंती. रेल्वे आणि इतर सरकारी खात्यांत मुस्लिमांचं प्रमाण आज किती, कुठल्या श्रेणीत किती, हे विचारत राहायला हवं. वीस वर्षांपूर्वीच्या आकड्यावर किती दिवस बोलायचं? मशिदीच्या नोटीस बोर्डावर चंद्राच्या तारखेशेजारी भरतीची तारीख लागली तर त्यात बिघडत काहीच नाही. निवृत्त रेल्वेवाले चाचा-मामू आपल्या वस्त्यांत आहेत. रविवारी दोन तास मुलांना फॉर्म भरायला, सराव करायला आणि कामगार कायदा समजवायला त्यांच्याइतकं चांगलं कोण आहे?

बोरघाटातल्या मजुरांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, त्यामुळे ती किती होती हेही आपण अंदाजानंच सांगतो. चाकणच्या शेडमध्ये, चिंचवडच्या मालधक्क्यावर, गाडीच्या डब्यात झाडू मारताना आज राबणारा प्रत्येक तरुण कुठल्यातरी हजेरीपटावर स्वतःच्या नावानं आणि खऱ्या तासांनी असला पाहिजे. आठ तासांचा दिवस ज्यांनी मिळवून दिला, त्यांचं एवढं देणं आपण लागतो.